राहायला गेली

शर्वा आणि तमाली या दोघींचं एकमेकींवर प्रेम आहे, हे मी वयाच्या पंधराव्या वर्षी सिद्ध केलं होतं. दोनशे पानी वहीत, पुस्तकाचा भाग आणि पान यांच्या आकड्यांसह. 'सात कवाडांचा देश' नावाची सात भागांची अद्भुत कादंबरी होती. एकेका भागात एकेक कवाड उघडायचं आणि त्यापलीकडे राक्षस, बोलणारे डोंगर, उलट्या वाहणाऱ्या नद्या असं काय काय निघायचं. शर्वा धनुष्यबाण चालवणारी, तमाली वाऱ्याशी बोलणारी. त्या जिवलग मैत्रिणी आहेत, असं लेखक दर भागाच्या पहिल्याच पानावर बजावून सांगायचा. इतकं बजावून सांगतोय म्हणजे इथे पाणी मुरतंय, असं माझं ठाम मत होतं.

आता पासष्टी उलटून गेली. गुडघे कुरकुरतात, तलासरीच्या या घरात दिवसभर हायवेची धूळ येऊन बसते आणि ती पुसायचाही कंटाळा येतो. माझ्या भावाची नात पूर्वा कॉलेजसाठी माझ्याकडे असते. त्याच कादंबरीची आता मोबाइलवर मालिका निघाली आहे. परवा ती फोन नाचवत स्वयंपाकघरात आली. "आजी, हे बघ ना! ही तिच्या हाताला पट्टी बांधतेय आणि गाठ मारून झाली तरी हात सोडत नाहीये. फ्रेंड्स म्हणे! कोणाला शेंड्या लावतात?" मी भाजी निवडत होते. "असेल," एवढंच म्हटलं. म्हातारीला काय कळतंय, अशा चेहऱ्याने ती गेली आणि तिच्यासारख्याच कुठल्या कुठल्या पोरींशी टाइप करत बसली. त्या सगळ्या मिळून खुणा शोधतात, भांडतात, हसतात आणि जेवायला उठतात. कोणाचं काही बिघडत नाही. मला कळत नाही असं नाही. मला कळण्याचाच शीण आलेला आहे, आणि तो कशाने आला ते एकदा लिहून टाकावं म्हणून बसले आहे.

आमचा पाडा सायवनच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला. कारवीच्या कुडाची, शेणाने सारवलेली दोन घरं आणि मध्ये एकच अंगण. एक घर आमचं, दुसरं लखमीआत्याचं. आत्या म्हणजे माझ्या बापाची थोरली बहीण. तिला तरुणपणी तलासरीकडे दिली होती. नवरा वर्षभरात दुसऱ्या बाईकडे निघून गेला, तशी ती एक शेळी आणि एक पितळी घेऊन माहेरी परत आली. बापाने तिला अंगणाच्या दुसऱ्या कडेला घर उभारून दिलं. आत्या उंच, काळी, कामाला वाघीण. पेरणीआधी जमिनीवर पालापाचोळ्याचा राब भाजायचा, नागली म्हणजे नाचणी लावायची, भात झोडायचं, सगळं पुरुषाच्या बरोबरीने. बोलणं मात्र असं नाहीच. माझ्या लहानपणी मला वाटायचं की आत्याला दिवसाला दहाच शब्द मिळतात आणि त्यातले सहा ती शेळीवर खर्च करते.

जानकीमावशी चिंचणीची. डोक्यावर टोपली घेऊन सुकट, बोंबील विकायला आमच्या पाड्यांवर फिरायची. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. एका पावसाळ्यात ती अंगात ताप घेऊन आमच्या अंगणात येऊन बसली ती उठेचना. आत्याने तिला उचलून आपल्या घरात नेलं. बारा दिवस ती तिथे पडून होती. आत्या तिला तांदळाची पेज पाजायची, आणि आमची आई म्हणायची की लखमीच्या तोंडून एवढे शब्द कधी ऐकले नव्हते. बरी झाल्यावर जानकीमावशी चिंचणीला गेली आणि पंधरा दिवसांनी पत्र्याची ट्रंक घेऊन परत आली. भावाला तिने सांगितलं होतं की डोंगरात धंदा बरा होतो, एका बाईकडे राहायची सोय आहे. त्याला काय, घरातलं खाणारं एक तोंड कमी झालं. तेव्हापासून ती आत्याकडे राहायला.

ती आली आणि त्या घराला आवाज आला. पहाटे जात्याची घरघर, त्यावर तिचं गाणं, मग मिठावरून भांडण. जानकीमावशीला समुद्राकाठची जीभ, ती मीठ सढळ हाताने घालायची, आत्या म्हणायची, "दर्या आणून वतलास काय कालवणात?" सुरुवातीला मावशीला नागलीची भाकर घशाखाली उतरत नसे. आत्या तिच्यासाठी वेगळी तांदळाची भाजायची, आणि ती ताटात टाकण्याआधी फुंकर मारून निववायची. माशाचं कालवण झालं की मावशी डोकं आपल्या पितळीत घ्यायची आणि मधला तुकडा आत्याच्या. मला डोकंच आवडतं, म्हणायची. एकदा मी तिला घरात कोणी नसताना डोकं टाकून मधला तुकडा चवीने खाताना पाहिलं, पण त्यातून मी काहीच काढलं नाही. तिसऱ्या भागात तमाली आपल्या वाटणीचं जादूचं फळ शर्वाला देते, हे मात्र मी वहीत लाल शाईने लिहिलं होतं.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं समजणार नाही. माझ्या आईबापाचं लग्न मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मी तेव्हा सहा वर्षांची होते, नवं परकर-पोलकं घालून मांडवात मिरवत होते आणि दोनदा जेवले होते. आमच्यात ती काही मोठी गोष्ट नाही. पोरगी पोराकडे राहायला जाते, दोघं संसार थाटतात, पोरं होतात. लग्नाचा विधी, भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायचा चौक, लग्न लावणाऱ्या धवलेरीची गाणी, गावजेवण हे सगळं ऐपत येईल तेव्हा. तोवर कोणी विचारलं तर सांगायचं, "लगीन राहिलंय." त्यात लाज नाही की चोरी नाही. त्यामुळे आमच्या पाड्यावर 'अमकी तमक्याकडे राहायला गेली' या वाक्याचा अर्थ एकच होता. बोर्डीच्या शाळेत आणि वसतिगृहात गेल्यावर मला कळलं की बाकीच्या जगात राहायला जाणं म्हणजे पाहुणी म्हणून, शिकायला म्हणून, सोय म्हणून राहणं. मुली मला 'मामाकडे राहायला गेले होते' असं सांगायच्या आणि मी पहिल्या वर्षी डोळे विस्फारून बघायची. नंतर सवय झाली. पण भाषेची सवय वरवरची असते, आत आपलं आपलंच शिजत असतं.

बोर्डीला ही पुस्तकं शाळेच्या ग्रंथालयात होती. वसतिगृहात माझ्या शेजारच्या खाटेवर हेमलता असायची, बोर्डीच्या पलीकडच्या वाडीतली, चिकूच्या बागायतदाराची मुलगी. तीही तीच पुस्तकं वाचायची. मी तिला माझ्या खुणा दाखवल्या तेव्हा ती म्हणाली, "मैत्रिणी आहेत त्या. तुझं डोकं फिरलंय, मथुरा." मी एकेक पान काढून दाखवलं. तिला दगडासारखा ठाम पुरावा हवा होता. "लेखकाने स्वतः लिहिलेलं एक वाक्य दाखव, मग मानीन." मला इंग्रजी येत नव्हतं, गणितात काठावर पास व्हायची, कपडे दोनच होते. एवढी एकच गोष्ट मला तिच्यापेक्षा जास्त कळत होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत ग्रंथालयाच्या बाईंनी मला सातही भाग घरी नेऊ दिले आणि मी पुरावा आणायचाच असं ठरवून सायवनच्या गाडीत बसले.

घरी मे महिन्यात दुपारी अंगणातल्या आंब्याखाली बाया चिंचा फोडायला बसत. आई, आत्या, जानकीमावशी आणि शेजारची काशीकाकी. काशीकाकी म्हणजे पाड्याचं आकाशवाणी केंद्र. कोणाची कोंबडी कोणाच्या घरात अंडं घालते इथपर्यंत तिला ठाऊक. त्यांच्यातल्या कोणालाच वाचता येत नव्हतं. मी मोठ्याने वाचायला लागले. पहिल्या दिवशी काशीकाकी राक्षसाला शिव्या देत उठून गेली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन बसली. दोन दिवसांना एक भाग अशा चालीने आम्ही पाच कवाडं ओलांडली. मधूनमधून मी थांबायची आणि मास्तरीण झाल्यासारखी खूण समजावून सांगायची. बघा, राजपुत्राने मागणी घातली तर शर्वाने तमालीकडे का पाहिलं? बघा, केस कापले तर ते फेकले का नाहीत? आई म्हणायची, "तू वाच गं, आम्हाला समजतंय." आत्या मान खाली घालून चिंचोके वेगळे करत राहायची. जानकीमावशी कधी कधी खुदकन हसायची आणि लगेच पदराने तोंड पुसायची.

सहावा भाग वाचत होते त्या दुपारी भानू आली. भानू चिंचणीचीच, जानकीमावशीच्या भावाच्या शेजारची. मावशीने फिरणं कमी केल्यापासून आमच्या पाड्यांवर सुकट घेऊन तीच यायची. टोपली उतरवून पाणी प्यायली आणि "काय गो जानके, बरी हायस ना?" म्हणत सावलीत ऐकायला बसली. नवीन माणूस ऐकायला आलं म्हणून मला आणखी चेव चढला. वादळात शर्वाची झोपडी उडून जाते तो भाग होता. पानाच्या अगदी तळाशी वाक्य आलं: 'दुसऱ्या दिवशी शर्वा तमालीकडे राहायला गेली.'

मी ओरडलेच. पुस्तक मांडीवर पालथं टाकून टाळी वाजवली. "सापडलं! लेखकानेच लिहिलंय! राहायला गेली ती!"

"बरं गेली," काशीकाकी म्हणाली. "पुढं वाच."

"अगं काकी, म्हणजे झालंच की त्यांचं. आता फक्त लगीन राहिलंय!"

भानू हसली. "राहायला गेली तर लगीन कुठनं आलं, पोरी?"

"पुढं वाच ना मथे," काशीकाकी पुन्हा म्हणाली. मला वाटलं, तिला गोष्टीची घाई झाली आहे. मी तिच्याकडे लक्षच दिलं नाही. चिंचणीच्या बाईला अर्थ ठाऊक नाही, आणि मला ठाऊक आहे, या आनंदात मी होते. मी भानूकडे वळून बसले आणि वर्गात उत्तर द्यावं तसं सांगितलं, "आमच्याकडे राहायला जाणं म्हणजे लग्नच असतं. विधी तेवढा मागनं करतात. आता आपली जानकीमावशी नाही का आत्याकडे राहायला आली? तश्शीच ही शर्वा."

चिंच फोडण्याचा आवाज थांबला, चौघींचाही. मी त्या दुपारचं बाकी सगळं विसरले तरी चालेल, पण तो थांबलेला आवाज माझा पिच्छा सोडत नाही. भानूने एकदा मावशीकडे पाहिलं, एकदा आत्याकडे, आणि मग दोघींमध्ये फुटभरही अंतर नव्हतं तिथे पाहिलं. जानकीमावशी हसायला गेली पण तिला ते जमलं नाही. आत्या उठली. "शेळी सुटली वाटतं," म्हणाली आणि घरामागे गेली. शेळी खुंट्यालाच होती. भानूने टोपली उचलली. एरवी ती उन्हं उतरेपर्यंत थांबायची, त्या दिवशी मला लवकर जायचंय म्हणाली. मी बावळटासारखी विचारत राहिले की पुढे वाचू ना. आईने माझ्या हातातून पुस्तक काढून घेतलं. ती मला मारेल असं वाटलं होतं, पण तिने नुसतं पुस्तक मिटलं आणि घरात नेऊन ठेवलं.

आठ दिवसांनी मावशीचा भाऊ आला. तारापूरकडच्या कारखान्यात कामाला होता. इस्त्रीची पँट, पायात बूट, बोलणं अगदी सभ्य. ओट्यावर बसून कोरा चहा प्याला. बायको आजारी आहे, पोरांकडे बघायला कोणी नाही, बहिणीला न्यायला आलोय, म्हणाला. बाप म्हणाला, "एकदम असं? पाऊस लागायला आला, लावणीला तिची मदत असते." तेव्हा तो खाली बघत, माझ्या बापाला एकट्याला ऐकू जावं अशा बेताने बोलला. मी कुडाच्या मागे उभी होते. तो म्हणाला, "दादा, लोक नाय नाय ते बोलतात. म्हणे तुमच्याकडं राहायला जाणं म्हणजे लग्नच असतं, विधी तेवढा मागनं करतात. मला गावात तोंड दाखवायचंय." माझं वाक्य होतं ते, शब्दाला शब्द. जसं मी भानूला दिलं तसंच ते दोन बस बदलून चिंचणीला गेलं आणि पँट-बूट घालून परत आलं. पुढे होऊन ते मी गमतीत म्हटलं होतं, असं मी सांगायला हवं होतं. मी तिथून हललेसुद्धा नाही.

जानकीमावशीने ट्रंक भरली. नाही म्हणायची सोय तिला नव्हती. कोणाच्या आधाराने म्हणणार आणि काय कारण सांगणार? आत्याने ट्रंक डोक्यावर घेतली आणि रस्त्यापर्यंत सोडायला गेली. मी मागून चालले होते. गाडी यायला उशीर झाला. त्या दोघी शेजारी शेजारी उभ्या होत्या आणि भाऊ समोर उभा होता, त्यामुळे त्या फक्त शेळीच्या पोटातल्या करडाबद्दल बोलल्या. गाडीत चढताना मावशीने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "शीक हो नीट," म्हणाली. तिने मला एक शिवी हासडली असती तर मला या वयात जरा बरी झोप लागली असती.

त्यानंतर आत्याच्या घरातून पहाटेचा जात्याचा आवाज यायचा, पण नुसता जात्याचाच. कालवण अळणी झालं. ती माझ्यावर कधी रागावली नाही, की त्या दुपारचा विषय तिने काढला नाही. माझ्या ताटात भाकर वाढायची, माझ्या परीक्षेचं विचारायची. सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी मी एकटीने सहावा भाग उघडला. ज्या पानाच्या तळाशी ते वाक्य होतं ते उलटलं. पुढच्या पानावरची पहिली ओळ होती: 'वादळ ओसरल्यावर ती आपल्या नव्या झोपडीत परतली.' म्हणजे पाहुणी म्हणूनच गेली होती. सातव्या भागात तिने राजपुत्राशी लग्न केलं आणि तमालीने त्या दोघांवर फुलांचा वारा सोडला. हेमलता जिंकली. पुस्तकाच्या बाबतीत मी साफ चुकले होते आणि घराच्या बाबतीत बरोबर होते. दोन्हीची शिक्षा आत्याला झाली.

पुढे मी डी.एड. झाले, याच तालुक्यांत शिकवत फिरले. आत्या पुष्कळ वर्षं दोन बस बदलून चिंचणीच्या बाजारात जायची. जानकीमावशी तिथे भावजयीच्या शेजारी बसून सुकट विकायची. आत्या समोर उभी राहून भाव विचारायची, मावशी भाव सांगायची, आत्या घासाघीस करायची. मावशी मोजून झाल्यावर वर एक मूठ जास्त टाकायची. भावजय बघत असायची, म्हणून एवढंच. मी एकदा तिच्याबरोबर गेले होते. पुन्हा जायची हिंमत झाली नाही. मग एका वर्षी आत्या रिकामी पिशवी घेऊन परत आली आणि त्यानंतर ती चिंचणीला गेली नाही. आमच्या घरात कोणी काही विचारलं नाही.

तिचं शेवटचं वर्ष माझ्याकडे, इथे तलासरीला गेलं. एका दुपारी मी तिचे पाय चेपत होते. आई-बाप, काशीकाकी सगळे आधीच गेलेले. आज नाही तर कधीच नाही, असं वाटलं आणि मी बोलून टाकलं. "आत्या, त्या दुपारी माझ्या तोंडून गेलं. माझ्यामुळे जानकीमावशी गेली. मला माफ कर."

तिने डोक्याखालची उशी सारखी केली. मला वाटलं, ऐकूच गेलं नाही.

"माफ करून काय व्हतंय?" ती म्हणाली. "ती येणार हाय काय?"

मी रडायला लागले. म्हटलं, "मला कळलं होतं गं, पण कळूनही कळलं नव्हतं. शिकलेली होते ना, वाटलं, मलाच सापडलंय."

आत्याने पाय माझ्या हातातून काढून घेतले. रागाने नाही, दुखत असावेत. "तुला एकटीला कळलं व्हय?" ती म्हणाली. "काशीला म्हाईत होतं. तुझ्या बापाला, आयशीला. अख्ख्या पाड्याला म्हाईत होतं, पोरी. कोणी तोंडातनं काढलं नाय, म्हणून तर आठ वर्सं नांदलो आम्ही."